जिवंत इतिहासाची जत्रा

अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागात सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, म्हणजे मक्याची काढणी आणि पहिला कडक गारठा यांच्या मधल्या दिवसांत, गावोगावी एका वेगळ्याच प्रकारच्या जत्रा भरतात. नदीकाठच्या कुरणावर किंवा ओंडक्यांच्या जुन्या घरांभोवती दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पोशाखातली माणसे जमतात. कोणी भाता ओढून लोखंड तापवते, कोणी लोकर कातते, कोणी उघड्यावर चूल पेटवून राखेच्या पाण्यात चरबी शिजवत साबण करते. तिकीट काढून आलेली मंडळी ते पाहतात, प्रश्न विचारतात आणि पोरांसोबत स्वतःही हात चालवून बघतात. 'लिव्हिंग हिस्टरी', म्हणजे जिवंत इतिहास, हे या प्रकाराचे रूढ नाव. या जत्रांचे नायक असतात 'पायोनियर': अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ॲपलेशियन डोंगररांगा ओलांडून केंटकी, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा या प्रदेशांत जंगल तोडून शेती करणारे, मूळचे युरोपीय वंशाचे वसाहतकार.

ओंडका तासायची कुऱ्हाड संग्रहालयाच्या कपाटात ठेवता येते. तिचे वजन, लांबी आणि साल चिठ्ठीवर लिहिता येते. पण ती कोणत्या कोनात धरायची, पाय कुठे ठेवायचा, लाकडाचे रेषे उलटे फिरले की काय करायचे, हे चिठ्ठीवर मावत नाही. ते माहीत असलेला शेवटचा माणूस गेला की कुऱ्हाड उरते आणि काम नाहीसे होते. जत्रेचा सगळा खटाटोप या दुसऱ्या गोष्टीसाठी असतो. उरलेले बरेचसे करमणुकीत मोडते, आणि त्यात वावगेही काही नाही.

गेलेल्या काळाचे असे प्रदर्शन मांडण्याची हौस अमेरिकेत लवकर सुरू झाली. १८५१ साली कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड येथे होरेस बुशनेल या धर्मोपदेशकाने एका शताब्दी समारंभात घरी कातलेल्या-विणलेल्या कापडाच्या युगाचा गौरव करणारे भाषण दिले. गिरण्यांच्या स्वस्त कापडामुळे घरोघरचे चरखे तेव्हा नुकतेच माळ्यावर गेले होते. यादवी युद्धात सैनिकांच्या शुश्रूषेसाठी निधी उभारायला मोठे मेळे भरत. १८६४ साली ब्रुकलिनमधल्या अशा मेळ्यात जुन्या वळणाचे स्वयंपाकघर मांडले गेले आणि आजीच्या काळातले कपडे घातलेल्या बायका तिथे चरखा चालवत बसल्या. लोकांनी गर्दी केली. वस्तू वापरातून गेली की तिच्याभोवती उत्सव उभा राहतो, याचा हा जुना आणि चोख नमुना आहे.

या कल्पनेला संस्थेचे रूप मात्र स्वीडनने दिले. आर्टर हासेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली घरे उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली आणि त्यांत प्रादेशिक पोशाखातली माणसे, जनावरे, वाद्ये, सणवार असे सगळे आणून बसवले. या धर्तीची संग्रहालये पुढे युरोपभर झाली. अमेरिकेत हे काम आधी धनिकांनी हाती घेतले. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या वसाहतकालीन राजधानीची पुनर्बांधणी १९२६ पासून जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या पैशावर झाली. हेन्री फोर्ड यांनी मिशिगनमध्ये उभारलेल्या ग्रीनफिल्ड व्हिलेजचे औपचारिक उद्घाटन १९२९ साली झाले. मोटारीने घोडागाडीचे जग मोडून काढणाऱ्या माणसानेच घोडागाडीचे गाव जपावे, यातली गंमत कोणाच्याही लक्षात येण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्समधले ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज १९४६ साली लोकांसाठी उघडले.

इलिनॉयमधले न्यू सेलम हे गाव थोडे निराळे. अब्राहम लिंकन १८३१ ते १८३७ या काळात इथे राहिले. दुकान चालवले, टपाल सांभाळले, जमीन मोजणीची कामे केली. पुढे गाव ओस पडले आणि घरे मोडून गेली. १९३० च्या दशकात ते पुन्हा बांधले गेले. आज तिथे दिसणाऱ्या इमारतींपैकी मूळची एकच आहे, आणि ती लाकडी पिंपे करणाऱ्या ऑनस्टॉट नावाच्या कारागिराचा कारखाना आहे.

जत्रांचा खरा बहर १९६० आणि ७० च्या दशकांतला. शहरी जीवनाला विटलेली तरुण पिढी तेव्हा खेड्याकडे वळू पाहत होती. जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेत एलियट विगिंटन या शिक्षकाने १९६६ साली मुलांना आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायला धाडले. ओंडक्यांचे घर कसे बांधतात, डुक्कर कसे कापून खारवतात, साबण कसा करतात, अशी माहिती मुलांनी टिपून 'फॉक्सफायर' या नियतकालिकात छापली. १९७२ साली त्याचे पुस्तक निघाले, ते तुफान खपले, आणि पुढे त्याची मालिकाच झाली. १९७० मध्ये जिवंत इतिहास दाखवणाऱ्या शेतांची आणि संग्रहालयांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९७६ साली स्वातंत्र्याची दोनशे वर्षे साजरी करताना प्रत्येक तालुक्याला आपला इतिहास हवासा वाटू लागला, आणि गावच्या इतिहास मंडळांनी ओंडक्यांची घरे शोधून काढून जत्रा भरवायला सुरुवात केली.

इंडियानातल्या लाफायेट शहराजवळ वाबॅश नदीच्या काठी भरणारी 'फीस्ट ऑफ द हंटर्स मून' ही अशा जत्रांतली एक मोठी आणि जुनी जत्रा. ती १९६८ साली स्थानिक इतिहास मंडळाने सुरू केली. फ्रेंचांनी १७१७ साली वियाटेनॉन नावाचे ठाणे उभारले होते. तिथे फ्रेंच व्यापारी आणि आसपासच्या आदिवासी जमाती यांच्यात कातड्यांचा व्यापार चाले. शरद ऋतूत दोन्हीकडची माणसे एकत्र येत, त्या मेळाव्याची ही आठवण. जत्रेचा काळ पायोनियरांच्या आधीचा आहे, पण कसब बरेचसे तेच. जत्रेच्या मैदानावर एक लाकडी गढी दिसते, ती एका स्थानिक डॉक्टरने १९३० साली हौसेने बांधलेली प्रतिकृती आहे. खऱ्या ठाण्याची जागा तिथून थोडी दूर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला उत्खननात सापडली. इथला कडक नियम असा की भाग घेणाऱ्याचा पोशाख, तंबू, भांडी आणि विकायचा माल अठराव्या शतकाला शोभणारा हवा. खाण्याच्या पालांवर गावातल्या सेवाभावी संस्था विस्तवावर रांधतात, आणि त्यांचा वर्षाचा खर्च त्यातून बराचसा सुटतो.

अशा जत्रेत फिरताना गर्दी सर्वांत आधी लोहाराभोवती दिसते. त्याची उपकरणे भारतातल्या लोहारापेक्षा फार वेगळी नाहीत: भाता, ऐरण, हातोडा, सांडशी. प्रेक्षकांना ठिणग्या आवडतात, पण पाहण्याजोगी गोष्ट रंगाची असते. लोखंड तांबडे झाले की ते वाकते, केशरी-पिवळे झाले की हवे तसे ठोकता येते, आणि पांढुरके पिवळे होऊन त्यातून ठिणग्या उडू लागल्या की दोन तुकडे एकमेकांत जोडता येतात. क्षणभर उशीर झाला तर ते जळते. रंग नीट दिसावा म्हणून भट्टी सावलीत ठेवतात. जुन्या लोहारशाळा अंधाऱ्या असत त्याचे कारण हेच. पोलादी हत्याराला पाणी देऊन झाले की ते पुन्हा हलके तापवतात. तेव्हा त्याच्या घासलेल्या पृष्ठभागावर गवती पिवळ्यापासून निळ्यापर्यंत छटा सरकत जातात. पिवळ्यावर थांबले तर धार कडक राहते, निळ्यापर्यंत जाऊ दिले तर स्प्रिंगसारखा लवचिकपणा येतो. तापमापक नसताना शेकडो वर्षे पोलादाची प्रत या रंगांवर ठरत आली.

घर बांधणाऱ्यांचे काम दिसायला संथ असते. ओंडक्यांची टोके खाचून एकमेकांत अडकवायची पद्धत डेलावेअर नदीच्या खोऱ्यात १६३८ पासून वस्ती करणाऱ्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी आणली, आणि जर्मन वसाहतकारांनीही ती आपल्यासोबत आणली. इंग्रजांना ती मुळात ठाऊक नव्हती. ओंडका चौकोनी करायचा तर आधी त्यावर रंगवलेल्या सुताने रेघ मारतात. मग साध्या कुऱ्हाडीने हातभर अंतरावर रेघेपर्यंत खाचा पाडून मधले ढलपे उडवतात, आणि शेवटी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने बाजू सपाट तासतात. या कुऱ्हाडीला छिन्नीसारखी एकाच बाजूने धार असते आणि दांडा किंचित बाहेर वाकवलेला असतो. दांडा सरळ असता तर तासणाऱ्याची बोटे ओंडक्यावर सोलून निघाली असती. छपराच्या फळकुट्या करवतीने कापत नाहीत, पाते ठोकून रेषांच्या दिशेने फाडतात. करवत रेषे तोडते आणि तुटलेल्या रेषांतून पाणी आत शिरते. फाडलेल्या फळकुटीवर रेषे अखंड राहतात, पाणी निथळून जाते आणि ती जास्त वर्षे टिकते.

असेच फाडकाम कुंपणाचे. पाचरी आणि लाकडी मोगरी घेऊन ओक किंवा चेस्टनटच्या ओंडक्याच्या लांब दांड्या फाडायच्या आणि त्या नागमोडी वळणाने एकमेकींवर रचायच्या. खांब नको, खिळा नको, खड्डा नको. मात्र जागा फार खाते आणि लाकूड भरमसाट लागते. जंगल तोडूनच शेत करायचे असल्यामुळे लाकडाची ददात नव्हतीच. १८६० साली इलिनॉयमधल्या डिकेटर येथे रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात लिंकन यांनी तरुणपणी फाडल्याचे सांगून अशा दोन दांड्या मिरवत आणल्या गेल्या, आणि वकिलीत मुरलेल्या त्या गृहस्थाला दांड्या फाडणारा म्हणून जनतेपुढे उभे केले गेले. निवडणुकीच्या प्रचारात पायोनियरांच्या कसबाचा असाही उपयोग झाला. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि हे कुंपण हळूहळू मागे पडले.

कातणे आणि विणणे हे या जत्रांचे दुसरे मोठे आकर्षण. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका दोन प्रकारच्या चरख्यांवर बसलेल्या, किंवा खरे तर एकावर बसलेल्या आणि दुसऱ्यापाशी उभ्या दिसतात. लोकर कातायचा मोठा चरखा उभ्याने चालवतात. तारांचे बारीक दात बसवलेल्या दोन फळ्यांवर लोकर विंचरून तिचे पेळू करतात, एका हाताने माणसाएवढे चाक फिरवतात आणि दुसऱ्या हातात पेळू धरून मागे मागे सरकत चातीच्या टोकावरून धागा काढतात. धागा लांबला की पुढे येऊन तो चातीवर गुंडाळायचा, पुन्हा मागे जायचे. कातणारी दिवसभरात मैलोन्‌मैल चाले. चाकाने फिरणाऱ्या चातीचा हा चरखा भारतीय चरख्याच्याच कुळातला आहे. हे तंत्र आशियातून मध्ययुगात युरोपात पोचले आणि तिथून अटलांटिक ओलांडून आले. बसून पायाने चालवायचा लहान चरखा त्यानंतरचा, युरोपात सुधारलेला. तो जवसाच्या धाग्यासाठी.

जवसाचे काम किचकट. पीक उपटून बोंडे काढायची, खोडे दवात पसरून किंवा पाण्यात बुडवून कुजवायची, सुकवायची, लाकडी दाढांत कचाकचा चेचून आतला काष्ठभाग मोडायचा, पाटीने झोडून तो झाडून टाकायचा, आणि उरलेले तंतू लोखंडी दातांच्या फण्यांतून एकामागून एक ओढायचे. अखेर हातात येते ती सोनेरी, केसांसारखी लड. मूठभर लडीसाठी केवढा पेंढा लागला हे जत्रेत शेजारीच मांडून ठेवतात, म्हणजे शर्टाची किंमत न सांगता कळते. निव्वळ जवसाचे कापड महाग आणि निव्वळ लोकरीला मेंढ्या फार लागत, म्हणून ताणा जवसाचा आणि बाणा लोकरीचा असे मिश्र कापड सर्रास वापरात होते. ते टिकाऊ असे आणि अंगाला टोचे.

रंगासाठी अक्रोडाच्या टरफलांपासून तपकिरी, ओकच्या सालीपासून पिवळा, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून लाल मिळे. पक्का बसावा म्हणून तुरटी किंवा हिराकस लागे. निळा रंग मात्र दुकानातूनच आणावा लागे, कारण नीळ त्या थंड मुलखात पिकत नव्हती. ती विरघळवायला घरोघरी एका मडक्यात शिळे मूत्र साठवून आंबवत. हा तपशील जत्रेतले मार्गदर्शक मुलांना हमखास सांगतात, आणि मुले घरी जाऊन नेमका तेवढाच सांगतात.

साबणाचा विधी शरदात डुकरे कापल्यावर किंवा वसंतात. हिवाळाभर चुलीतली कठीण लाकडाची राख एका निमुळत्या लाकडी पेटीत साठवतात. वरून पाणी ओतले की तळाशी तपकिरी क्षारपाणी ठिबकते. ते पुरेसे तीव्र झाले की नाही हे अंडे सोडून पाहतात: अंडे तरंगून त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसला की झाले. मग लोखंडी कढईत चरबी घालून तासन्‌तास शिजवायचे. राखेतला क्षार पोटॅशियमचा असल्याने साबण घट्ट न होता मऊ, खळीसारखा राहतो. वडी हवी असेल तर मीठ घालावे लागते, आणि मीठ महाग. त्यामुळे पायोनियरांच्या घरी बहुधा पिंपभर मऊ साबणच असे. क्षारपाण्याने कातडी भाजते, म्हणून आजच्या जत्रेत जुन्या पोशाखावर रबरी हातमोजे घालायची सूट असते. मेणबत्त्यांचे काम त्यामानाने निवांत. चरबीत वाती बुडवायच्या, गार होऊ द्यायच्या, पुन्हा बुडवायच्या, असे पंचवीस-तीस वेळा. चरबी जास्त गरम असेल तर आधीचा थर वितळून जातो, म्हणून गारठ्याचे दिवस बरे.

पिंपे करणारा कारागीर हल्ली क्वचित भेटतो, पण भेटला तर त्याच्यापाशी वेळ काढावा. मोजपट्टी न वापरता नजरेने प्रत्येक फळी मध्ये रुंद, टोकांना अरुंद आणि कडांना तिरकी तासायची, त्या हुपात उभ्या करायच्या, आत विस्तव पेटवून लाकूड मऊ करायचे आणि दुसऱ्या टोकाला आवळायचे. डिंक नाही, खिळा नाही, तरी थेंब गळत नाही. दारू-तेलाच्या पिंपांना पांढरा ओकच लागतो, कारण त्याच्या नळ्या आतून नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात. तांबड्या ओकची सच्छिद्र फळी झिरपते.

मराठी वाचकाला ओळखीची वाटेल अशी वस्तू झाडू बांधणाऱ्याकडे असते. त्याच्या पेंढ्या ज्वारीच्याच एका वाणाच्या, लांब ताठ तुऱ्यांच्या असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावी लेव्ही डिकिन्सन या शेतकऱ्याने १७९७ च्या सुमारास त्यांचे झाडू करून विकायला सुरुवात केली, आणि शेकर पंथाच्या लोकांनी गोल झाडूला चपटा आकार दिला. गोड ज्वारीचा तर स्वतंत्र सोहळाच असतो. खेचर जोडलेला चरक गोल फिरतो, ताटांतून हिरवट रस वाहतो आणि लांब सपाट कढईत तो उकळत, मळी काढत, दाट तांबूस काकवी होईपर्यंत आटवतात. साधारण आठ-दहा भांडी रसाची एक भांडे काकवी होते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात वावरलेल्या माणसाला इथे नवीन वाटेल ते खेचरच. मात्र एक खोच आहे. गोड ज्वारी अमेरिकेत १८५० च्या दशकात आली, आणि ती पसरली यादवी युद्धात दक्षिणेची साखर उत्तरेला मिळेनाशी झाल्यावर. लिंकन यांच्या तरुणपणचे म्हणून मांडलेल्या गावात काकवी आटत असेल तर ती वीस-पंचवीस वर्षे आधीच आटते आहे.

अशा कालविसंगती किरकोळ म्हणून सोडून देता येतात. त्याहून मोठा घोटाळा स्वावलंबनाच्या चित्राचा आहे. प्रत्येक पायोनियर कुटुंब सगळे काही घरीच करी, अशी समजूत जत्रा पाहून होते, कारण सगळी कामे एकाच मैदानावर, एकाच दिवशी दिसतात. प्रत्यक्षात घरोघरी लोहार नव्हता की विणकर नव्हता; कामे शेजाऱ्यांत वाटलेली असत आणि हिशेब वहीत मांडले जात. अगदी नव्या वस्तीतही दुकान लवकर येई. तिथे चहा, नीळ, मीठ, बंदुकीची दारू, सुया, चिनी मातीच्या बश्या आणि छापील सुती कापड मिळे. १८२५ साली ईरी कालवा सुरू झाल्यावर पूर्वेकडचा माल आणखी स्वस्त झाला. यंत्रावर कापलेले खिळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बाजारात होते. लोहार दिवसभर खिळे घडवीत बसे, हे चित्र १८३० च्या गावाला लागू पडत नाही. ठिगळांच्या सुंदर गोधड्या काटकसरीचे प्रतीक मानल्या जातात, पण त्यांचा मोठा काळ गिरण्यांचे रंगीत कापड स्वस्त झाल्यानंतरचा आहे. नक्षीत कापायला पुरेसे कापड हाताशी असल्याशिवाय अशी गोधडी होत नाही. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवण्यासाठी गोधड्यांत सांकेतिक खुणा शिवत, अशी गोष्टही जत्रांतून ऐकू येते. ती १९९९ सालच्या एका पुस्तकाने लोकप्रिय केली. इतिहासकारांना तिला पुरावा सापडलेला नाही.

याहून अवघड प्रश्न, मैदानावर कोण नसते याचा. इंडियानापोलिसजवळच्या कॉनर प्रेअरी या नामांकित संग्रहालयाचे उदाहरण बोलके आहे. विल्यम कॉनर हा कातड्यांचा व्यापारी आणि दुभाषा. त्याची पहिली पत्नी मेकिंजेस लेनापे जमातीची होती आणि त्यांना सहा मुले होती. १८१८ च्या तहात लेनापेंनी इंडियाना सोडण्याचे ठरले, त्या वाटाघाटींत कॉनरचाही हात होता. १८२० मध्ये मेकिंजेस मुलांसह जमातीबरोबर पश्चिमेला गेली. कॉनर मागे राहिला, त्याच वर्षी त्याने एका गोऱ्या मुलीशी लग्न केले आणि १८२३ साली विटांचे घर बांधले. औषध उद्योजक इलाय लिली यांनी १९३४ साली ते घर विकत घेऊन दुरुस्त केले, आणि पायोनियरांचे स्मारक म्हणून ते वर्षानुवर्षे दाखवले गेले. त्याच राज्यातून १८३८ साली सुमारे साडेआठशे पोटावाटोमी जमातीच्या लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात कॅन्ससपर्यंत चालवत नेले; वाटेत चाळीसहून अधिक दगावले, त्यांत बहुतेक मुले होती. मक्याची लागवड, मेपलच्या रसाची साखर, भोपळा आणि घेवडा या जत्रेतल्या निम्म्या पदार्थांची विद्या ज्यांच्याकडून घेतली, ती हीच माणसे. आता पुष्कळ ठिकाणी आदिवासी कलाकार आणि जाणकार स्वतः येऊन आपला भाग सांगतात, पण हा बदल उशिरा आणि अर्धामुर्धा झाला.

गुलामगिरीचेही तेच. खिळे घडवून दाखवणारा लोहार मुलांना आवडतो; पण थॉमस जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो येथील खिळ्यांच्या कारखान्यात १७९४ पासून दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले राबत होती, ही बाब कसबाच्या कौतुकात बुडून जाते. विल्यम्सबर्गमध्ये १९९४ च्या ऑक्टोबरात गुलामांच्या लिलावाचा प्रसंग कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी उभा केला, तेव्हा बाहेर निदर्शने झाली. वेदनेचा तमाशा करू नका, असे विरोधकांचे म्हणणे होते. कार्यक्रम पाहिल्यावर त्यांच्यातल्या काहींचे मत बदलले.

प्रसंग उभा करण्याच्या रीतीही दोन आहेत. एकीत कलाकार त्या काळातलाच होऊन बोलतो. कॉनर प्रेअरीच्या वस्तीत वर्ष नेहमी १८३६. तिथल्या माणसाला रेडिओबद्दल विचारले तर तो चक्रावलेला चेहरा करतो. दुसरीत कलाकार पोशाख जुना घालतो, पण आजचा माणूस म्हणूनच समजावून सांगतो. पहिली रीत रंजक, पण तीत पात्राला न कळणारे काही सांगताच येत नाही. १८३६ चा शेतकरी आपल्या जमिनीच्या आधीच्या मालकांबद्दल आजच्या समजुतीने कसा बोलणार? कसब शिकवायला दुसरीच बरी, आणि बहुतेक जत्रा तिच्याच वाटेने जातात.

या हौसेतून काही अनपेक्षित लाभही झाले. ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेजसाठी जुन्या वळणाची गुरे-मेंढरे शोधताना लक्षात आले की त्या जाती जवळजवळ संपल्या आहेत. त्या धडपडीतून १९७७ साली दुर्मीळ पाळीव जाती वाचवणारी राष्ट्रीय संस्था जन्माला आली. आयोवातल्या लिव्हिंग हिस्टरी फार्म्समध्ये १८५० च्या शेतात बैल आणि १९०० च्या शेतात घोडे जुंपतात, कारण पन्नास वर्षांत शेतीची ओढ कशी बदलली हे नांगराच्या तासावरूनच कळते. जुनी बियाणीही अशाच शेतांवर टिकून राहिली.

जत्रा चालवणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत आहे. बहुतेक कारागीर हौशी स्वयंसेवक आहेत आणि त्यांच्यात साठी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा. उघडी चूल, दारूच्या बंदुका, तापलेले लोखंड आणि लहान मुले एका मैदानावर म्हटल्यावर विम्याचा हप्ता वाढतो. पावसात गेलेला एक शनिवार-रविवार छोट्या मंडळाचे वर्ष बुडवू शकतो. कसब पुढच्या हातांत जाण्याची खात्री पगारी उमेदवारीतच असते, आणि ती परवडणाऱ्या संस्था थोड्या. विल्यम्सबर्गमध्ये वीसहून अधिक व्यवसायांत उमेदवार घेतात. काही व्यवसायांत त्याला स्वतंत्र कारागीर व्हायला सहा-सात वर्षे जातात.

शिकलेल्याला काम कुठे मिळते, याचे उत्तर अलीकडे फ्रान्समध्ये दिसले. बर्गंडीतल्या गेदलों येथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक किल्ला बांधला जातो आहे. जिवंत इतिहासाचाच तो एक लांबलेला प्रयोग. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे मध्ययुगीन छत जळाले. नवे छत पुन्हा ओकचे, आणि तुळया करवतीऐवजी कुऱ्हाडीने तासायच्या, असे ठरल्यावर त्या कामासाठी माणसे शोधली गेली, तेव्हा गेदलोंवर तयार झालेले सुतार हाताशी होते. त्यांच्या कुऱ्हाडी आल्सासमधल्या लोहारांनी घडवून दिल्या. अमेरिकेतून काही सुतार जाऊन त्यांना मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले.